खासगी कॉलेजची फी कशी परवडवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांबद्दल आहेत. भर इंजिनीअरिंगवर आहे, कारण सर्वाधिक विचारणा तिथलीच असते. फार्मसी, एमबीए, मेडिकलला लागू पडणारा भागही बराच आहे. पालक कॉलेजच्या खिडकीवर आणि सेतू केंद्राच्या रांगेत जसे विचारतात, तसेच प्रश्न ठेवले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकीची बहुतेक उत्तरे तिच्याभोवतीच फिरतात. फी किती माफ होणार, हे प्रवेश कोणत्या दारातून घेतला यावर ठरते. तेच कॉलेज, तीच शाखा, तोच वर्ग. पण एकाची फी निम्मी होते आणि शेजारच्या बाकावरच्याला पूर्ण भरावी लागते. प्रवेश झाल्यावर 'आता स्कॉलरशिपचं बघू' म्हणणाऱ्यांच्या हातात फारसे काही उरत नाही.

कॉलेजने तोंडी सांगितलेली फी खरी मानायची का?

नाही. 'महाराष्ट्र विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शैक्षणिक संस्था (प्रवेश व शुल्क यांचे विनियमन) अधिनियम, २०१५' या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे. लोक त्याला एफआरए म्हणतात. कॉलेज आपला खर्च दाखवते, प्राधिकरण तो तपासून त्या कॉलेजची, त्या कोर्सची, त्या वर्षाची फी मंजूर करते. ही मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने पाहता येते. आधी ती बघा, छापून घ्या आणि मगच कॉलेजात जा.

मंजूर फीचे दोन भाग असतात: शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, आणि विकास शुल्क, म्हणजे डेव्हलपमेंट फी. ही फोड लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक सवलती फक्त पहिल्या भागावर मिळतात. याशिवाय कॉलेज बस, हॉस्टेल, मेस, अनामत, विद्यापीठाचे शुल्क असे काही घेते. त्यातले काय सक्तीचे आणि काय ऐच्छिक, हे लेखी मागा. बस वापरायची नसेल तर बसचे पैसे भरायचे नसतात, हे खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही.

सवलत कोणाला, किती?

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल आणि विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असेल, असे धरून सांगतो.

खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचे ५० टक्के मिळतात. जुन्या सवयीने सगळे तिला 'ईबीसी' म्हणतात. ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांनाही ५० टक्केच. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला १०० टक्के.

मुलींसाठी २०२४-२५ पासून चित्र बदलले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत लागू झाली. आधीपासून शिकत असलेल्या मुलीही त्यात आहेत. महिला व बालविकास विभागाने प्रमाणित केलेल्या अनाथ मुलामुलींनाही हाच लाभ आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. दोन्हींचे अर्ज वेगळे. चुकीच्या योजनेत अर्ज भरला की तो परत येतो आणि त्यात महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून दाखल्यावरचा आकडा बघूनच योजना निवडा.

हे आकड्यांत कसे दिसते?

समजा एका कॉलेजची मंजूर फी वर्षाला १,४०,००० आहे. त्यात शिक्षण शुल्क १,२२,००० आणि विकास शुल्क १८,०००. आकडे नमुन्याचे आहेत, हिशेबाची पद्धत खरी.

कॅपमधून आलेला, ईबीसीस पात्र मुलगा ६१,००० अधिक १८,००० असे ७९,००० भरतो. चार वर्षांचे ३,१६,०००. त्याच राउंडमधून आलेली पात्र मुलगी फक्त १८,००० भरते. चार वर्षांचे ७२,०००. आणि कॅप संपल्यावर, संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेजने स्वतः भरलेल्या जागेवर, त्याच शाखेत बसलेला मुलगा भरतो पूर्ण १,४०,०००, म्हणजे चार वर्षांत ५,६०,०००. पहिल्या आणि तिसऱ्या मुलामध्ये २,४४,००० रुपयांचा फरक पडला. तोही फी वाढली नाही असे धरून.

मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळेल का?

मिळणार नाही असे धरूनच चाला. शासन निर्णयातच व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश वगळले आहेत. इंजिनीअरिंगच्या खासगी कॉलेजात साधारण २० टक्के जागा संस्थेच्या हातात असतात. शिवाय कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या जागाही संस्था भरते. 'आमच्याकडे या, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो' असे आश्वासन ऐकू आले, तर अलॉटमेंट लेटरवर प्रवेशाचा प्रकार काय छापलेला येणार, एवढेच विचारा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज तपासताना बघितले जाते ते त्या कागदावरचे. कॉलेजच्या माणसाचे शब्द तिथे पोचत नाहीत.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शाखेच्या हट्टापायी कॅपमधली बरी जागा सोडून संस्थास्तरावर जाणाऱ्या कुटुंबाने वरचा २,४४,००० चा फरक आधी कागदावर मांडावा. कॉम्प्युटरच हवे, मेकॅनिकल नको, हे ठीक आहे. पण त्या हट्टाची किंमत माहीत असावी आणि ती कोण भरणार आहे तेही. पुष्कळदा ती वडिलांच्या पीएफमधून जाते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधला कॉलेज आणि शाखांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरताना पंचवीस-तीस पर्याय द्या. चार नामांकित कॉलेजे टाकून फॉर्म बंद करणारे शेवटी संस्थास्तरावरच येतात.

डीम्ड विद्यापीठ, खासगी विद्यापीठ आणि ऑटोनॉमस कॉलेज यांत फरक काय?

फीच्या दृष्टीने फार मोठा. ऑटोनॉमस, म्हणजे स्वायत्त कॉलेज, हे विद्यापीठाशी संलग्नच असते. अभ्यासक्रम आणि परीक्षा ते स्वतः ठरवते एवढेच. तिथे एफआरएची फी आणि महाडीबीटीच्या योजना लागू असतात. खासगी अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे मात्र या योजनांतून वगळलेली आहेत. त्यांचे प्रवेश वेगळे, फी वेगळी. मेडिकलच्या डीम्ड विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर असते.

गोंधळ होतो तो नावांमुळे. एकाच संस्थेच्या आवारात एक संलग्न कॉलेज, शेजारी तिचेच खासगी विद्यापीठ. पाटी एका रंगाची, गेट एकच. सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, कॅप यादीत त्या कॉलेजचा कोड आहे का, ते बघा. कोड असेल तर पुढे बोला.

अशा विद्यापीठांची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप असते. ती घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी विचारा: ती चारही वर्षे चालते का, आणि टिकवायला दरवर्षी किती गुण लागतात? पहिल्या वर्षापुरती २५ टक्के सूट ही माझ्या मते जाहिरात आहे.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय? ईबीसीपेक्षा चांगले का?

ट्यूशन फी वेव्हर स्कीम. मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर आणखी ५ टक्के जागा असतात, म्हणजे ६० च्या वर्गाला ३. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि निवड निव्वळ गुणवत्तेवर. जागा मिळाली की पूर्ण कोर्सचे शिक्षण शुल्क माफ. विकास शुल्क आणि इतर शुल्क भरावे लागते. वरच्या उदाहरणात मुलाचे चार वर्षांचे ३,१६,००० थेट ७२,००० वर येतात.

मोठा फायदा असा की ही माफी जागेलाच चिकटलेली असते. सरकारकडून पैसे कधी येणार, याची वाट कॉलेजलाही बघावी लागत नाही आणि तुम्हालाही नाही. तोटा दोन गोष्टींचा: कटऑफ बराच वर जातो, आणि या जागेवर आलेल्याला नंतर कॉलेज किंवा कोर्स बदलता येत नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांच्या चॉईस कोडच्या शेवटी 'टी' असतो. हा पर्याय वेगळा भरावा लागतो. नेहमीचा कोड टाकला म्हणजे टीएफडब्ल्यूएसचाही विचार होईल, असे नाही. आवडीच्या प्रत्येक शाखेसाठी आधी 'टी'चा कोड आणि त्याखाली साधा कोड, असा क्रम लावा. मुलींना आता तसेही शिक्षण शुल्क माफ आहे, तेव्हा हा खटाटोप मुख्यतः मुलांच्या कामाचा.

'मुलींना शिक्षण मोफत' म्हणतात, मग कॉलेज पैसे का मागते?

माफ आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, बस, पुस्तके आणि युनिफॉर्म यांत येत नाहीत. मुलगी बाहेरगावी राहणार असेल तर राहण्याखाण्याचा खर्च फीच्या वर जाऊ शकतो. 'मोफत' ऐकून घरातले पैसे दुसरीकडे गुंतवू नका.

कागदपत्रे कधी काढायची?

बारावीचे वर्ष सुरू असतानाच. निकालानंतर सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये अख्खा तालुका उभा असतो.

सगळ्यांत वेळखाऊ ती जात पडताळणी, म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी. तिचा अर्ज अकरावीतच करावा. नॉन-क्रिमी लेयरच्या प्रमाणपत्राची मुदत चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. जुने प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची पडताळणीच्या दिवशी धावपळ होते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, रेशनकार्ड, कॅपचे अलॉटमेंट लेटर, शिक्षणात खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र हे बाकीचे. ईबीसीचा लाभ कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरता असल्यामुळे पालकांचे हमीपत्रही जोडावे लागते.

नाव सगळीकडे एकसारखे आहे का, हे आजच बघा. आधारवर 'ज्ञानेश्वर', गुणपत्रिकेवर 'ध्यानेश्वर' आणि बँकेत 'डी.' असा प्रकार आपल्याकडे सर्रास असतो आणि शिष्यवृत्ती अडकते ती तिथेच.

नॉन-क्रिमी आहे, मग उत्पन्नाचा दाखला कशाला?

कारण दोन्हींची कामे वेगळी आहेत. नॉन-क्रिमी हे आरक्षणासाठी. त्याच्या उत्पन्नाच्या निकषात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या ८ लाखांत मात्र आई-वडिलांचे सगळ्या मार्गांचे उत्पन्न येते. त्यामुळे आई-वडील दोघेही नोकरीत असलेल्या घरात असे होऊ शकते की आरक्षणाची जागा मिळाली आणि फीची सवलत मात्र नाही. हे प्रवेशाच्या दिवशी कळले तर फार जड जाते.

दाखल्यावर उत्पन्न कमी करून घ्यायचा सल्ला देणारे एजंट प्रत्येक तहसीलबाहेर भेटतात. पगाराची नोंद फॉर्म १६ मध्ये असते आणि पॅन आधारला जोडलेले आहे. खोटा दाखला निघाला तर रक्कम वसूल होतेच, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

पात्र असूनही कॉलेज पूर्ण फी मागते. काय करायचे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तक्रार बहुतेक वेळा खरी असते. शासनाची सूचना अशी की पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीतून येणारी रक्कम प्रवेशावेळी घेऊ नये. ईबीसीच्या मुलाने शिक्षण शुल्काचा अर्धा भाग आणि विकास शुल्क भरायचे. कॉलेजचे म्हणणे असते, 'सरकारचे पैसे उशिरा येतात, आम्ही पगार कुठून करायचे? आत्ता भरा, आले की परत देऊ.' त्यांच्या अडचणीत तथ्य आहे. प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येते, हे उघड आहे. पण ती अडचण सरकार आणि कॉलेज यांच्यातली. तिचा बोजा शेतकऱ्याने सावकाराकडून पैसे आणून का उचलायचा?

आधी प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: मी अमुक योजनेस पात्र आहे, कागदपत्रे जोडली आहेत, नियमाप्रमाणे देय तेवढीच रक्कम घ्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पुष्कळ कॉलेजांत पोचेचा शिक्का पडला की सूर बदलतो. नाही बदलला तर तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांकडे तक्रार करा. त्यांची विभागीय कार्यालये मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूरला आहेत. मंजूर फीपेक्षा जास्त घेतले असेल तर तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. जागा हातची जाईल या भीतीने पैसे भरावेच लागले, तर पावतीवर 'शिक्षण शुल्क' असे स्पष्ट लिहून घ्या. 'इतर' या नावाखाली भरलेली रक्कम परत मागताना फार जड जाते.

महाडीबीटीचा अर्ज आणि पैसे यांचे नेमके कसे चालते?

प्रवेश झाल्यावर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे, आणि मग रक्कम मंजूर होते. सर्वांत जास्त अर्ज कॉलेजच्या टप्प्यावर पडून राहतात. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा आणि 'पेंडिंग अॅट इन्स्टिट्यूट' दिसले की शिष्यवृत्तीचे काम बघणाऱ्या क्लार्ककडे जाऊन उभे राहा. फोनवर हे काम होत नाही.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे आधार सीडिंग झाले असे नव्हे. एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे कोणती बँक आहे, ते महत्त्वाचे. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेले खाते धरले जाते. आजीबरोबर कधीतरी उघडलेल्या आणि बंद पडलेल्या खात्याकडे पैसे वळून परत गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. योजनेप्रमाणे फीचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात आला असेल, तर तो कॉलेजला मुदतीत भरा. तो खर्चायचा पैसा नाही.

अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दुसऱ्या वर्षी विसरलेले विद्यार्थी पहिल्या वर्षी चुकलेल्यांपेक्षा कमी नसतात. मुदतवाढ पुष्कळदा मिळते खरी, तिच्यावर विसंबू नका.

एखाद्या वर्षी नापास झालो तर?

एटीकेटीने, म्हणजे काही विषय राहूनही, पुढच्या वर्षात गेलात तर सहसा अडचण येत नाही. त्याच वर्षात परत बसावे लागले तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्यांदा मिळत नाही. हजेरीचीही अट असते.

हॉस्टेल आणि मेसचा खर्च कोण देणार?

यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांकडे फार दुर्लक्ष होते. ईबीसीच्या लाभार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना तिच्यात विशेष स्थान आहे. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शेवटच्या तिन्ही सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत. रक्कम शहराप्रमाणे बदलते आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत जाते. म्हणून सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी कराच. जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर भत्त्याचा मार्ग मोकळा.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहे १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींना अल्प खर्चात ठेवतात. मुलाखत घेऊन प्रवेश देतात आणि कामाची शिस्त कडक आहे. ज्यांना ती मानवते, त्यांचे भले झालेले दिसते. वसतिगृहे काढून पोरे शिकवायची वाट राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात दाखवली होती, त्याच जातकुळीचे हे काम.

केंद्राच्या शिष्यवृत्त्यांचे काय? दोन घेता येतात का?

एकाच फीसाठी दोन सरकारी योजना घेता येत नाहीत. फीसाठी एक आणि राहण्यासाठी दुसरी, हे चालते.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची 'प्रगती' मुलींना वर्षाला ५०,००० देते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, आणि प्रवेश पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला. दिव्यांगांसाठी तशीच 'सक्षम' आहे. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण 'प्रगती' घेताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. आमच्या उदाहरणात मुलीला राज्याकडून १,२२,००० माफ होत असतील तर ५०,००० च्या मागे जाण्यात अर्थ नाही. फी कमी असलेल्या सरकारी कॉलेजात हाच हिशेब उलटा होतो.

ट्रस्ट आणि कंपन्या खरोखर मदत करतात का?

करतात, पण मागणारे खूप आणि मुदती लहान. मुलींसाठी पुण्याचे लीला पूनावाला फाउंडेशन नावाजलेले आहे. सेवा सहयोगची विद्यार्थी विकास योजना होतकरू विद्यार्थ्यांच्या फीसाठी दाते जोडून देते. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती पूर्ण कोर्ससाठी २ लाखांपर्यंत असते आणि पहिल्या वर्षातच अर्ज करावा लागतो. के. सी. महिंद्रा ट्रस्ट पॉलिटेक्निकच्या मुलांना मदत करतो.

अर्जात पुष्कळजण गरिबीचे वर्णन करणारी दोन पाने लिहितात. निवड समितीला हवे असते ते वेगळे: एकूण फी किती, सरकारकडून किती आले, घरून किती भरतो, तूट किती. हे चार आकडे पहिल्या परिच्छेदात द्या. आपल्या जातीच्या, गावच्या किंवा व्यवसायाच्या मंडळाकडेही चौकशी करा. त्यांच्या निधीला पुष्कळदा अर्जच येत नाहीत. शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणारा कोणीही असला तरी वाट बदला.

कर्ज घ्यावे का? बँक तारण मागते.

सवलत वजा करून उरलेल्या रकमेचे घ्यावे, पूर्ण फीचे नको. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ७.५ लाखांपर्यंत केंद्राची पतहमी योजना असल्यामुळे तिथपर्यंतही तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. तुम्ही या शाखेच्या हद्दीत राहत नाही, हे अर्ज नाकारायचे कारण होऊ शकत नाही. तोंडी नकार मिळाला तर 'साहेब, लेखी द्या' म्हणा. सरकारच्या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज केलात तर त्याचा मागही राहतो.

हप्ते कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत सुरू होत नाहीत, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागते. दरवर्षी एक लाख असे चार लाख उचलले आणि सरळव्याज १० टक्के धरले, तर हप्ते सुरू होईपर्यंत १ लाख ४० हजार व्याज चढलेले असते. शिकत असताना दरमहा व्याज भरत गेलात तर हा डोंगर उभा राहत नाही.

आता महत्त्वाचे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल आणि नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता असेल, तर या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. म्हणजे ते १ लाख ४० हजार तुमच्या डोक्यावर येत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती क्रमवारीत वरच्या, निवडक संस्थांपुरती, आणि खासगी कॉलेजांपैकी थोडीच त्या यादीत बसतात. ओबीसींसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही बघा.

यातली कोणतीही व्याज सवलत खासगी वित्त कंपनीच्या कर्जावर मिळत नाही. कॉलेजच्या आवारात टेबल टाकून 'अर्ध्या तासात मंजुरी' देणारे बहुधा तेच असतात. बँकेच्या तीन चकरा त्रासदायक खऱ्या, पण त्या वाचवण्याची किंमत लाखात जाते.

आमचे उत्पन्न ८ लाखांच्या थोडेसेच वर आहे. आम्ही काय करायचे?

तुमची स्थिती सर्वांत अवघड, हे मान्य. सरकारी आणि अनुदानित कॉलेजचे पर्याय यादीत वर ठेवा, गावापासून लांब असले तरी. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याचा मार्ग पदवीचे एक वर्ष वाचवतो आणि हातात आधीच डिप्लोमा असतो. कॉलेजकडे हप्ते मागा. दोन-तीन हप्ते बहुतेक ठिकाणी देतात, फक्त विचारावे लागते. जुनी करप्रणाली निवडली असेल तर शिक्षण शुल्कावर आणि कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते.

'थोडे डोनेशन दिले तर जागा नक्की' म्हणतात...

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दारे उघडली आणि चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. डोनेशन तेव्हापासून गुन्हा आहे. पावती नसलेल्या रोख रकमेवर ना कर्ज मिळते, ना शिष्यवृत्ती, ना प्रवेश रद्द केल्यावर परतावा.

शिकता शिकता कमावता येईल का?

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी 'कमवा आणि शिका' योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतही आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशी तासावर कामे असतात. त्यातून मेसचा काही भार उचलला जातो, फी नाही. पहिल्या सहामाहीत अभ्यासाचा अंदाज घ्या आणि मग नाव द्या.

प्रवेश घेतला, पण आता दुसरीकडे जागा मिळाली. पैसे आणि कागदपत्रे परत मिळतील का?

सीईटी सेलने जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या आत रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळायला हवी. रद्द करायची विनंती पोर्टलवरून करा आणि सही केलेला अर्ज कॉलेजातही द्या. नुसते तोंडी सांगून परत गेलेल्यांची तारीख मागाहून मोजता येत नाही. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ पासून मनाई केली आहे. कॉलेजने ती तपासून, साक्षांकित प्रती ठेवून मूळ प्रती परत करायच्या असतात. तारीख उलटून गेल्यावर मात्र फीचा आग्रह चालत नाही, तेव्हा अनामत रकमेची पावती शोधून ठेवा. ती वेगळी मागता येते.